लागेल कधीतरी

आमच्या करंजात डोंगरसुद्धा हवेतून आलेला आहे. संजीवनीसाठी मारुतीरायाने द्रोणागिरी उचलला, जाता जाता त्याचा एक तुकडा निसटला आणि तो इथे, खाडीच्या तोंडाशी पडला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुकडा म्हणजे चांगला अख्खा डोंगर आहे. वर किल्ल्याचे अवशेष, खाली द्रोणागिरी देवीचं देऊळ. मारुती हा वायूचा मुलगा. म्हणजे वाऱ्याच्या घरचं कुणीतरी सामान घेऊन चाललं होतं, सामान नीट बांधलेलं नव्हतं आणि त्यातलं थोडं आमच्या गावात सांडलं. ज्या गावाची गोष्टच अशी सुरू होते, त्या गावाने सामान बांधून ठेवायला तरी शिकायला हवं होतं. गावाचं मला माहीत नाही, मी 3 जून 2020 पर्यंत शिकलो नव्हतो.

करंजा कुठे, असं विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो, पनवेलहून उरणला या आणि मग रस्ता संपेपर्यंत येत राहा. रस्ता संपला की धक्का, धक्क्यासमोर खाडी, खाडीपलीकडे रेवस. मध्ये लाँच. पूलही आहे, म्हणजे बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून तो बोलण्यात आहे. तर अशा समोर पाणी आणि पाठीशी डोंगर असलेल्या गावात वारा हा पाहुणा नसतो, तो घरचाच असतो. न विचारता आत येतो, कॅलेंडर उलटतो, पेपर वाचून दुसऱ्याच्या अंगणात टाकतो. त्याचं कुणी मनावर घेत नाही.

शिवाय आमच्याकडे आगोटीची शिस्त आहे. मे महिना लागला की कौलं परतायची, फुटकी बदलायची, पडवीला झड्या बांधायच्या, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुके बोंबील, जवळा, सुकट डब्यांत भरायची. पण ही सगळी तयारी पावसाची. पाऊस हा वरून खाली येणारा सरळ गृहस्थ. वादळ बाजूने येतं आणि खालचं वर नेतं. त्याच्यासाठी बोंबलांचे डबे भरून उपयोग नसतो, ते झाकून कुठे ठेवले हे महत्त्वाचं.

2020 सालच्या मे महिन्याअखेर बातमी आली की अरबी समुद्रात काहीतरी शिजतंय. त्याआधी दोन महिने सगळं जग आम्हाला एकच सांगत होतं, घरातच राहा. आता सांगू लागलं, घर कच्चं असेल तर घरात राहू नका. वादळाचं नाव ‘निसर्ग’. हे नाव बांगलादेशने सुचवलेलं आणि तेरा देशांनी मिळून केलेल्या 169 नावांच्या नव्या यादीतलं ते पहिलंच. आमच्या आईला नाव पसंत पडलं नाही. ‘निसर्ग’ हा तिच्या मते शाळेतल्या निबंधाचा विषय होता. त्याच्यापासून घर वाचवायचं म्हणजे काय, हे तिला कळेना. मी तीस वर्षं मुलांना ‘निसर्ग माझा मित्र’ हा निबंध लिहायला लावला होता, त्यामुळे मलाही बोलायला तोंड नव्हतं.

मग बावट्यांची चर्चा सुरू झाली. बंदरावर बावटा चढला की तो किती नंबरचा यावर धक्क्यावर जितकं बोलणं होतं तितकं क्रिकेटवरही होत नाही. या निमित्ताने मी माहिती काढली. आपल्या बंदरांवर धोक्याच्या खुणा एकूण अकरा. नंबर वाढत गेला की एकंदरीत धोका वाढतो. आणि अकराव्या खुणेचा अर्थ काय, तर वादळाचा इशारा देणाऱ्या कार्यालयाशी संपर्क तुटला आहे. म्हणजे दहापर्यंत सरकार सांगणार, अकराला तुमचं तुम्ही बघा. सरकारी कागदपत्रांत इतकी प्रांजळ ओळ मी दुसरी पाहिलेली नाही.

सल्ला देणारे तीन होते. पहिला माझा भाचा. हा पनवेलला बाराव्या मजल्यावर राहतो आणि तिथून आमच्या शेळ्या हाकतो. 1 तारखेपासून दर तासाला त्याच्या मोबाइलवरचं ते रंगीत भोवऱ्याचं चित्र माझ्या मोबाइलवर येत होतं. चित्रात भोवरा लाल-जांभळा आणि त्याच्या वाटेवर अलिबाग. अलिबाग आमच्या समोरच्या किनाऱ्याला, म्हणजे शेजारच्या घरी पाहुणे येणार आणि ते आपल्या दारावरून जाणार, अशातला प्रकार. दुसरी आई. तिचा सल्ला दर वेळी एकच, “काय होत नाय.” तिसरे शेजारचे तांडेलकाका. पन्नास वर्षं समुद्रात बोट नेलेला माणूस. त्यांचा सल्ला मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितला तरी अर्धाच मिळतो.

भाच्याचा फोन आला, “मामा, घराभोवतीचे लूज ऑब्जेक्ट्स आधी सिक्युअर करा.”

मी म्हटलं, “म्हणजे काय काय?”

“म्हणजे जे जे उडू शकेल ते.”

मी फोन ठेवून परसात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या परसाकडे वाऱ्याच्या नजरेने पाहिलं. वाऱ्याच्या नजरेने ते परस नव्हतंच. ते दारूगोळ्याचं कोठार होतं.

तीन पायांची एक खुर्ची. चौथ्या पायासह दुसरी खुर्ची, पण तिला पाठ नाही. न्हाणीघराचा काढलेला प्लॅस्टिकचा दरवाजा. कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवातून उरलेले पाच पत्रे. रंगाचे रिकामे डबे अकरा, त्यांपैकी सातांत कोरफड. वडिलांची सायकल, पुढचं चाक सोडून. पुढचं चाक, सायकल सोडून. मासळीचे थर्माकोलचे खोके. सात वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या मखराचा सांगाडा. खिडकीची एक चौकट, जिची खिडकी कुठल्या भिंतीत होती हे आता कुणालाच आठवत नाही. आणि या सगळ्यावर अंथरलेलं एक जुनं, विरलेलं, नायलॉनचं जाळं.

यातली एकही वस्तू आम्ही विसरलेलो नव्हतो, हे लक्षात घ्या. प्रत्येक वस्तू टाकायचा प्रसंग कधी ना कधी आला होता आणि प्रत्येक वेळी घरातल्या कुणीतरी तेच चार शब्दांचं वाक्य उच्चारलं होतं, “असू दे, लागेल कधीतरी.” मराठी घर विटांवर उभं असतं असं म्हणतात, ते खोटं आहे. ते या वाक्यावर उभं असतं. आमच्या आजीने हे वाक्य तांब्याच्या फुटक्या हंड्याबद्दल उच्चारलं, आईने प्लॅस्टिकच्या दरवाजाबद्दल, आणि मी, शिकलेला माणूस, सायकलच्या चाकाबद्दल. वारा सुटला की या वाक्याचा अर्थ बदलतो. लागेल कधीतरी, म्हणजे कुणाला तरी लागेल. डोक्याला.

आवराआवर सुरू झाली आणि घरात तीन पक्ष पडले. आईचा पक्ष म्हणाला, काही टाकायचं नाही, सगळं आत घ्यायचं. हिचा, म्हणजे बायकोचा, पक्ष म्हणाला, आत एक वस्तू आणायची नाही, सगळं टाकायचं. माझा पक्ष, म्हणजे मी, म्हणालो, दोन्हींचा विचार करू. विचार होईपर्यंत 2 तारखेची संध्याकाळ झाली. भंगारवाला टाळेबंदीमुळे अडीच महिने फिरकला नव्हता. जो माणूस एरवी दुपारी झोपू देत नाही, तो नेमका हवा होता तेव्हा नव्हता.

शेवटी भिंतीवरून तांडेलकाकांनीच हाक मारली.

“मास्तर, काय दुकान मांडलाव काय?”

मी परिस्थिती सांगितली. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि भिंत ओलांडून आले. सगळी अडगळ त्यांनी परसाच्या कोपऱ्यात दोन भिंतींच्या बेचक्यात रचायला लावली, जड खाली आणि हलकं वर. मग ते जुनं जाळं उचललं, ढिगावर फेकलं आणि त्याची टोकं चार दगडांना आणि विहिरीच्या खांबाला अशी आवळली की ढीग म्हणजे सुरमईचा मोठा घोळका गावला असावा तसा दिसू लागला.

“जालं हाय तवर कवा टाकू नका,” ते म्हणाले. “लागते.”

आई माझ्याकडे बघून हसली. ते जाळं टाकायला मी तिच्याशी चार वर्षं भांडत होतो. ‘लागेल कधीतरी’ या वाक्याचं हेच तर लबाडीचं बळ आहे. शंभरातल्या नव्व्याण्णव वस्तू कधीच लागत नाहीत. एक लागते आणि तिच्या जोरावर उरलेल्या नव्व्याण्णव आणखी तीस वर्षं राहतात.

त्यानंतर छप्पर. आमचं पुढचं घर कौलारू आणि मागे स्वयंपाकघरावर पत्रे. पत्र्यांचा मी अभ्यास केला होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हवामान खात्याने ताशी 100 ते 110 किलोमीटर आणि झोताला 120 असा अंदाज दिला होता. 120चा वारा आडवा आला की एका चौरस मीटरवर साधारण 65 ते 70 किलोंचा जोर पडतो. म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरला एकेक मास्तर खांदा लावून उभा आहे, असं समजा. आणि मास्तर लोक खांदा खालून वर लावतात, कारण छपरावरून वारा वेगाने गेला की छप्पर दबत नाही, उचललं जातं.

हे कळूनही मी काय केलं, तर सगळे करतात तेच. पत्र्यावर चार टायर, सहा विटा आणि रेतीच्या तीन गोण्या ठेवल्या. तांडेलकाका खालून बघत होते.

“पत्रा उडाला तर इटा कुठं जातील, मास्तर?”

मी उत्तर दिलं नाही, कारण विटांच्या बरोबर खाली चूल होती.

“वरून वजन नका ठेवू. खालून बांदा.”

बोटीवर पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नाही. शिडाला कुणी विटा ठेवत नाही. मग पत्र्यांचे सगळे हूक तपासले, तीन गंजलेले निघाले ते बदलले, आणि नायलॉनचा दोर पत्र्यांवरून आडवा घेऊन दोन्हीकडे वाशांना आणि खांबांना बांधला. गाठी मी मारल्या. काकांनी त्या सोडल्या आणि पुन्हा मारल्या. मी तीस वर्षांत जितक्या वह्या तपासल्या, त्यांतली एकही इतक्या शांतपणे तपासली नव्हती.

झाडांचं प्रकरण वेगळं. शेवगा घराला लागून लावू नये असं जुनी माणसं म्हणायची, त्यात भुताखेतांच्या गोष्टी घालायची. भूत कसलं, शेवग्याचं लाकूड काकडीसारखं ठिसूळ असतं, म्हणून लावू नये. आमच्या शेवग्याच्या फांद्या मी उतरवल्या. हिने त्याच पाल्याची भाजी तीन दिवस केली, तेही वादळाच्याच खाती मांडायला हवं. नारळाची मला खरी भीती, पण इतर झाडांपेक्षा वाऱ्यात टिकतो तो नारळ. वाकतो, पाठ देतो, परत उभा राहतो. पडतात त्या त्याच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ. म्हणून पाडेल्याला गाठून दोन माडांवरचे तयार नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घेतल्या. पाडेली वर चढून म्हणाला, इथून अलिबाग दिसतंय. मी म्हटलं, वादळ दिसतंय का ते बघ. तो म्हणाला, नाही, पण मास्तर, तुमच्या टाकीचं झाकण उघडं दिसतंय.

हे वाक्य मी ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं. गोष्टीत पुढे ते येईल.

टाकीबद्दल सांगायलाच हवं. गच्चीवर किंवा पत्र्यावर दिसणाऱ्या काळ्या टाक्या जड वाटतात, त्या जड नसतात. आतलं पाणी जड असतं. पाचशे लिटरच्या टाकीत पाचशे किलो पाणी मावतं आणि रिकामी टाकी हा केवळ मोठा फुगा असतो. वादळात वीज जाणार, मग पंप चालणार नाही, म्हणून आदल्या दिवशी टाकी तोंडोतोंड भरायची. आम्ही भरली. बादल्या, पिंप, कळशी, तांब्या आणि आईच्या हट्टापायी पंचपात्रीसुद्धा भरली.

घरातली तयारी बायकांनी माझ्याशिवाय केली, त्यामुळे ती व्यवस्थित झाली. रेशनकार्ड, सातबारा, बँकेची पुस्तकं, लग्नाचा फोटो प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. मोबाइल पूर्ण भरलेले. काडेपेटी कोरड्या डब्यात. लोणच्याची बरणी खाटेखाली. आमच्या घरी संकटात आधी लोणचं वाचवतात आणि मग घरधनी.

मी माझ्या वाट्याला खिडक्या घेतल्या. समुद्र पश्चिमेला, वादळ समुद्रात, म्हणजे वारा पश्चिमेकडून येणार. एवढं भूगोलाच्या मास्तराला कळायलाच हवं. पश्चिमेच्या तिन्ही खिडक्यांना मी आतून फळ्या मारल्या. पूर्वेची मागची खिडकी, जिची कडी 2011 पासून दुरुस्त करायची होती, तिला सुतळी बांधली.

3 जून, बुधवार. सकाळी नऊलाच वीज गेली. पाऊस आडवा आला. आणि वारा पूर्वेकडून आला.

पुढे कळलं ते असं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे निघालं. म्हणजे आम्ही त्याच्या डाव्या हाताला. डाव्या हाताला असलेल्यांना वारा आधी जमिनीकडून मिळतो आणि वादळ पुढे सरकल्यावर मग समुद्राकडून. हे सगळं मी शाळेत फळ्यावर खडूने काढून दाखवलं होतं, बाणांसकट. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न होता. माझ्या परीक्षेला आला आणि मी नापास झालो. सुतळी पहिल्या झोतात तुटली. पुढचे दोन तास मी आणि ही, आळीपाळीने, स्वयंपाकघराच्या खिडकीला पाठ लावून उभे होतो. तीन फळ्या पश्चिमेला मजेत होत्या.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ जमिनीवर आलं. तो आवाज सांगता येत नाही. आई देवापुढे बसली होती, पण नामस्मरण नव्हती करत, मोजत होती. कौल घसरलं की आवाज येतो, तो ती मोजत होती. “अकरा,” ती म्हणाली. मग वर काहीतरी उचकटल्यासारखा आवाज झाला आणि एक काळी थाळी खिडकीसमोरून उडत गेली. आमच्या टाकीचं झाकण. रेवसच्या दिशेने. पुलाची वाट न बघता.

संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो. बारा कौलं गेली होती, आई एक चुकली. पत्रे जागेवर. ढीग जाळ्यात जसाच्या तसा. शेवगा उभा. माड उभे. विहिरीजवळ एक काळं झाकण पडलेलं. धावत जाऊन उचललं आणि वर नेऊन टाकीला लावलं. बसलं नाही. दोन इंच मोठं होतं.

त्या दिवशी आम्ही हसलो, कारण आम्हाला हसता येत होतं. दक्षिणेकडे, मुरूड-श्रीवर्धन-दिवेआगरकडे, हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथल्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या उभ्याच्या उभ्या आडव्या झाल्या. कित्येक गावं आठवडे न्‌ आठवडे अंधारात होती. कौल दुसऱ्या दिवशी बसवता येतं. नारळ-सुपारीचं रोप लावून उत्पन्न हाती यायला पुष्कळ वर्षं लागतात आणि तोवर वाडीवाल्याने काय खायचं, याचं उत्तर कुठल्याही बावट्यात नसतं. वाडी दोराने बांधता येत नाही. म्हणून जे बांधता येतं ते तरी बांधलेलं असावं, एवढीच माझी अक्कल.

पुढच्याच वर्षी, 17 मे 2021ला, तौक्ते आलं. म्यानमारने ठेवलेलं नाव, अर्थ पाल. किनाऱ्याशेजारून सरपटत गेलं आणि रात्री गुजरातवर पडलं. त्या वेळी आम्ही तयार होतो. पूर्वेच्या खिडकीला नवी कडी होती. टाकीच्या झाकणाला तार होती. जाळं ढिगावर होतं.

हो, ढीग होताच. टाळेबंदी उठल्यावर भंगारवाला आला होता. त्याला सगळं दाखवलं. त्याने पाच पत्रे आणि रंगाचे चार डबे नेले. खुर्च्यांचं मी म्हटलं, राहू देत. सायकलचं चाक हातात घेतलं होतं त्याने, मीच परत घेतलं. आई काही बोलली नाही. ती बोलायची गरज उरली नव्हती.

वाचकांना माझं सांगणं थोडकं आहे. मे महिन्यात एकदा आपल्या परसात वाऱ्यासारखे फिरा. जे उडेल ते आत घ्या, आत घेता येत नाही ते बांधा, बांधता येत नाही ते देऊन टाका. पत्रा खालून बांधा. टाकी भरून ठेवा. वारा समुद्राकडूनच येईल असं धरून चालू नका. आणि झाकण.

ते दोन इंच मोठं झाकण अजून आमच्याकडे आहे. उरणपासून अलिबागपर्यंत ज्या कुणाचं 3 जून 2020 रोजी गेलं असेल, त्याने टाकीच्या तोंडाचं माप घेऊन यावं आणि घेऊन जावं. दोराने बांधून ठेवलं आहे. कुणीच आलं नाही तर राहील. लागेल कधीतरी.